उल्हास खाडीतील मत्स्यधन
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय आपल्या पूर्वजांच्या उपजीविकेचा आहे. मीठ, भात आणि मासळी या तिहींवर आपला आगरी समाज वाढला.

राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत आपल्या कोपरपाशी खाडीरूपाने येते आणि पुढे वसईस समुद्राला मिळते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या या संगमात बोय, जिताडा, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी आणि निवटी यांचे वास्तव्य असे. पुढे डोंबिवलीत कारखाने आले, शहरे वाढली, सांडपाणी आणि वालधुनीची घाण खाडीत उतरली, रेती उपशाने तळ खरवडला गेला.

मासा मरतो तो केवळ विषाने नव्हे. घाण कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्या देशातील दंडक आहे. तो नसेल तर कितीही मत्स्यबीज सोडले तरी ते व्यर्थ होय. प्रथम पाणी, मग मासा, हाच क्रम खरा.

हे अशक्य नाही. लंडनची थेम्स नदी १९५७ साली मृतप्राय ठरविली गेली होती. मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे सुधारताच मासे परतू लागले, १९७४ साली तेथे सामन मासा सापडला आणि आज त्या नदीत शंभराहून अधिक जाती नांदतात. आपल्याकडेही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली उल्हासच्या प्रदूषणाबद्दल संबंधितांना दंड ठोठावला. तो लढा चालू ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

परंतु बंधूंनो, एक गोष्ट आपल्याच हाती आहे. मृगाच्या पावसाबरोबर नदीतील मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. हीच आपली वलगण. ते मासे गाभोळीने भरलेले असतात म्हणून आपण ते आवडीने धरतो. मरळ तर पिल्लांच्या थव्याची राखण करते. राखणदार धरला की सारा थवा अनाथ होतो. एका मोठ्या रोहू मादीच्या पोटी लाखो अंडी असतात, हेही ध्यानी घ्यावे.

कोणी वडीलधारे म्हणतील, "वलगण ही आपली रीत आहे. कारखान्यांच्या पापापुढे आमची टोपली ती केवढी?" प्रश्न रास्त आहे. पूर्वी नदी भरलेली होती, तेव्हा टोपलीने काही उणे होत नसे. आज जे थोडे मासे उरले आहेत त्यांच्यावरच पुढची पिढी अवलंबून आहे. शिवाय दुसऱ्याकडे दाद मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची रीत तर त्याहून जुनी आहे. संयम आपल्याला परका नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, वलगणीचे पहिले पंधरा दिवस आपल्या गावांनी मासे धरू नयेत व बारीक आसाची जाळी वर्ज्य करावीत, असा ठराव या सभेने करावा. नातवंडांना जिताड्याची चव कळावी, त्याचे केवळ नाव नव्हे, ही इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.