अक्षरांचा परवाना



दादरला माझे एक छापखानेवाले स्नेही आहेत. त्यांच्या वडिलांच्या काळीं छपाईसाठीं शिशाचे खिळे विकत घेत. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांची तर ख्यातीच होती. पैसे मोजले कीं खिळे आपले; झिजले तर वितळवावे, शेजाऱ्यास उसने द्यावे.

पुढें संगणक आला. स्नेह्यांनीं मराठी अक्षरांची एक प्रणाली घेतली. कांहीं वर्षांनीं विकणाऱ्यांनीं व्यवसाय बंद केला, नव्या यंत्रावर ती प्रणाली चालेना, आणि एका ग्रंथाचीं बारा प्रकरणें पुन्हा जुळवावीं लागलीं. त्यांनीं विकत घेतलीं होतीं तीं अक्षरें नव्हेत. केवळ वापराचा परवाना. तो त्यांनीं वाचलाही नव्हता.

याउलट एक उदाहरण पाहा. पडद्यावर अक्षर उमटविणारी 'फ्रीटाइप' नांवाची आज्ञावली डेव्हिड टर्नर यांनीं १९९६ सालीं लिहावयास घेतली. तिचे भाग सुटे आहेत: निरनिराळ्या प्रकारचे अक्षरसंच वाचणारे भाग वेगळे, रेषाकृतीचे ठिपके पाडणारे वेगळे. नको तो भाग काढावा, नवा जोडावा. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, आणि घेणारास दोन परवान्यांतून एक निवडतां येतो. पहिल्याची मुख्य अट श्रेयाची: सोबतच्या माहितींत मूळ कर्त्यांचा उल्लेख करा, मग आपली कृति विका वा तिचा मजकूर गुप्त ठेवा. दुसरा जीपीएल. तो सांगतो, हिच्या आधारें रचलेली कृति दुसऱ्यास द्याल, तर तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्या. स्वतःपुरतें वापरणारावर हें बंधन नाहीं.

पहिला परवाना कारखानदारास सोयीचा. दुसरा पुढच्या वापरणाराची काळजी वाहतो. पण दोहोंतही मूळ कृति लोकांच्या हातीं राहते. कर्ता निघून गेला, तरी दुसरा कारागीर ती दुरुस्त करूं शकतो. 'फुकट' आणि 'मुक्त' यांतील भेद तो हाच.

मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं 'मुक्ता' हा देवनागरी अक्षरसंच असाच खुल्या परवान्यानें दिला आहे. त्यांत ग्रंथ छापून विकावा, अक्षरांत सुधारणा करावी. नुसता अक्षरसंच मात्र विकतां येत नाहीं.

खिळा पूर्वी बोटांनीं पारखीत असत. आतां परवाना डोळ्यांनीं पारखावा. माझे स्नेही तें बारा प्रकरणांनंतर शिकले. आपण आधींच शिकावें.