प्रसूतीची तरतूद : सुईण कोण, हे आधी ठरवावे

(एडवण येथे नवविवाहित दांपत्ये व त्यांच्या कुटुंबीयांसाठी घेण्यात आलेल्या आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याचे निमंत्रण घरोघरी पोहोचले तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींनी आशाताईंना एक प्रश्न विचारल्याचे मला समजले. सुनेला अजून दिवस गेलेले नाहीत, मग सुईणीची चौकशी आतापासून कशाला? हे तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असे झाले! प्रश्न रास्त आहे. दिवस गेल्यावरही पहिले तीन महिने ती गोष्ट घराबाहेर बोलू नये, असा आपल्याकडे प्रघात आहे. या प्रश्नाला उत्तर देणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन मी मानतो.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन व हिशेब पाहणे हे माझे काम. हिशेबात ‘तरतूद’ नावाची एक संज्ञा आहे. जो खर्च पुढे येणार हे ठाऊक असते, परंतु त्याची तारीख आणि रक्कम नक्की नसते, त्यासाठी आधीच बाजूला काढलेली रक्कम म्हणजे तरतूद. खर्च दारात उभा राहिल्यावर जी करावी लागते ती उसनवारी. बाळंतपणाच्या बाबतीत आपली कुटुंबे पैशाची तरतूद यथाशक्ती करतात. माणसाची तरतूद मात्र करावयाची राहून जाते.

रात्री-अपरात्री कळा सुरू झालेली भगिनी रुग्णालयात येते तेव्हा सोबतच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर आहेत का?” तो योग्यच आहे. परंतु “आज प्रसूतिकक्षात सिस्टर कोण आहेत?” हा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत क्वचितच कानांवर आला. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तासही चालू शकतात. तेवढा वेळ तिच्या खाटेजवळ राहून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणारी, कळांची नोंद ठेवणारी, तिच्या पाठीवरून हात फिरविणारी आणि काही बिघडते आहे हे सर्वांत आधी ओळखणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका-प्रसविका. आपल्या जुन्या भाषेत सुईण. सरळ प्रसूती पुष्कळदा तिच्याच हातून होते. फलकावर मात्र नाव डॉक्टरांचे असते, आणि कुटुंब तेवढेच वाचून निर्णय घेते.

कायद्याने हे महत्त्व फार पूर्वी ओळखले आहे. १९४९ सालच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार, ज्या प्रसूतिगृहाच्या सेवकवर्गात अर्हताप्राप्त सुईण नाही, त्याची नोंदणी नाकारता येते. म्हणजे इमारत, खाटा आणि यंत्रे यांच्या बरोबरीने सुईण हीसुद्धा प्रसूतिगृहाची अट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ही निवड गर्भधारणेपूर्वी का करावी? माझ्या मते याची चार कारणे आहेत.

पहिले कारण शरीराचे. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी बहुतेक स्त्रियांना आपल्याला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, रक्तातील साखर यांची तपासणीही तेव्हाच व्हावी. आपल्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी बांधवांत, सिकलसेलचा दोष आढळतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती सातव्या महिन्यात मिळून फारसा उपयोग नाही. या तपासण्यांच्या निमित्ताने उपकेंद्रातील आरोग्यसेविकेची जी भेट होते, तीच सुईणीची पहिली ओळख होय.

दुसरे कारण आपल्या रीतीचे. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला संस्कार. मुलगी सासरी असताना एका ठिकाणी तपासण्या करून घेते, सातव्या-आठव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर माहेरी जाते आणि तिथे सर्वस्वी अनोळखी हातांत प्रसूत होते. तिचा रक्तदाब आधी किती होता, कोणते औषध तिला सोसले नाही, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. माहेरी जाऊ नये असे मी म्हणत नाही. बाळंतपण सासरी की माहेरी हे दोन्ही घरांनी आधी ठरवावे, आणि जिथे ते व्हायचे तिथल्या सुईणीला लेकीने सणावाराला गेली असतानाच भेटून यावे. माता व बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवले की पुढील नोंदी दोन्हीकडे जुळतात.

तिसरे कारण आपल्या गावाचे. एडवणच्या पश्चिमेला समुद्र आहे, दक्षिणेला वैतरणेची खाडी. दातिवऱ्याहून पलीकडचे अर्नाळा डोळ्यांना जवळ दिसते, पण रस्त्याने तिकडे जायचे तर केवढा वळसा! मोठ्या उपचारांसाठी सफाळे गाठावे लागते किंवा केळवे-माहीममार्गे पालघर. त्यात जून-जुलैची मासेमारीबंदी सोडली तर कित्येक घरांतील कर्ता पुरुष बोटीवर असतो. कळा सुरू झाल्या आणि निर्णय घेणारा माणूस समुद्रात, अशी वेळ येऊ शकते. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन प्रकारचे विलंब सांगितले आहेत: निर्णय घेण्यातील, पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला तर दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. त्या दोन तासांत घरात विचारविनिमय सुरू असणे आपल्याला परवडणारे नाही.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निवड म्हणजे नाही म्हणण्याची मुभा. कोणतीही संस्था खरेदी करताना तीन ठिकाणांहून दरपत्रके मागविते, ती तुलना करून दोन नाकारता यावीत म्हणून. आठव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना, कोणती स्त्री तीन ठिकाणे पाहून दोन नाकारील? पावसाळा सुरू झाल्यावर घर शाकारता येत नाही. दिवस जाण्यापूर्वी मात्र ती मोकळेपणाने बघू शकते, विचारू शकते आणि मनास न पटल्यास दुसरीकडे जाऊ शकते.

निवड करताना काय विचारावे? मी पाच प्रश्न सुचवितो. ते एखाद्या कागदावर लिहून ठेवावेत.

पहिला प्रश्न नोंदणीचा. प्रसूतीच्या वेळी जवळ राहणाऱ्या परिचारिकेने ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा नर्सिंगची पदवी घेतली आहे काय आणि तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे काय? पांढरा गणवेश म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. रात्रपाळीत प्रसूतिकक्षात कोण असते आणि एका परिचारिकेकडे एका वेळी किती स्त्रिया असतात? डॉक्टर किती मिनिटांत येऊ शकतात? दिवसाचा दिमाख पाहून ठरवू नये.

तिसरा प्रश्न अडचणीचा. प्रसूती अडली, रक्तस्राव झाला किंवा बाळ रडले नाही, तर येथे काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही? रक्त कोठून येते? पुढे पाठवायचे तर कोठे आणि कोणत्या वाहनाने? “आमच्याकडे कधी काही होत नाही,” असे उत्तर मिळाले तर सावध व्हावे. चांगली सुईण आपल्या कामाची हद्द स्वतःहून सांगते.

चौथा प्रश्न सोबतीचा. कळांच्या वेळी घरची एक स्त्री जवळ राहू शकेल काय? उठून फिरता येईल काय? सोबत असणे ही केवळ मायेची बाब नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र पाहण्यात आली. ज्यांच्याजवळ अखंड आधार देणारी व्यक्ती होती, त्यांच्यात सरळ प्रसूतीचे प्रमाण अधिक आणि शस्त्रक्रियेचे कमी आढळले.

पाचवा प्रश्न खर्चाचा, आणि हा विचारताना संकोच करू नये. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून शासकीय संस्थांत प्रसूती, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य आहे. धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. कागदपत्रे आधी तयार ठेवली तर हा लाभ विनासायास मिळतो. मध्यरात्री उत्पन्नाचा दाखला कोठून आणणार?

येथे एक वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. इंग्लंडसारख्या देशात अनेक ठिकाणी एकच सुईण किंवा सुईणींचा छोटा गट गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सांभाळ करतो. आपल्याकडे तशी सोय अद्याप सार्वत्रिक नाही. २०१८ साली केंद्र शासनाने परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन स्वतंत्र सुईणसेवा उभारण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. दिशा योग्य आहे, पण रस्ता लांबचा आहे. आज रुग्णालयांत काम पाळ्यांनुसार चालते. अमुक सिस्टरच माझ्या वेळी असाव्यात, असा शब्द प्रशासक म्हणून मी देऊ शकत नाही. म्हणून आपण निवड करावी ती चमूची. प्रसूतिकक्ष आधी पाहावा, तेथील परिचारिकांची नावे जाणून घ्यावीत. तीन पाळ्यांपैकी एका तरी पाळीत ओळखीचा चेहरा भेटला, तरी घाबरलेल्या मुलीला केवढा धीर येतो!

आता आपल्या गावच्या सुईणबाईंविषयी. माझ्या पिढीतील पुष्कळजण त्यांच्याच हातांत जन्मले. पाचवीच्या पूजेला त्यांना साडी-चोळी, नारळ, तांदूळ देऊन कृतज्ञता व्यक्त होत असे. पुढे शासनाने दायांना प्रशिक्षण देऊन पाच स्वच्छता शिकविल्या: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ. तरीही रक्तस्राव थांबविण्याचे इंजेक्शन, रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रिया घरच्या ओसरीवर येऊ शकत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. हे यश टिकवायचे तर प्रसूती रुग्णालयातच व्हावी. परंतु त्याच पाहणीत राज्यातील दर चार प्रसूतींपैकी एक शस्त्रक्रियेने झाल्याचेही दिसते. त्यांतील कित्येक शस्त्रक्रिया जीव वाचविणाऱ्या असतात. तरी धीर देणाऱ्या अनुभवी हातांची उणीव हे इतरांमागील एक कारण असू शकते. म्हणून सुईणबाईंना दूर लोटू नका. त्यांनी सोबत यावे, कळांत जवळ बसावे, बाळंतिणीची पुढची काळजी घ्यावी. प्रसूती मात्र नोंदणीकृत हातांनी व्हावी.

सासूबाईंना माझी एक खास विनंती आहे. ही चौकशी आपण सुनेला सोबत घेऊन करावी. प्रश्न तिला विचारू द्यावेत. प्रसंग तिच्यावर येणार आहे, आणि कोणाचा हात धरून तो पार पाडायचा हे सांगण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.

आज घरी गेल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागे चार नोंदी कराव्यात: उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा क्रमांक, निवडलेल्या प्रसूतिगृहाचा क्रमांक, रात्री हमखास येईल अशा गाडीवाल्याचा क्रमांक, आणि १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक. त्याखाली एक नाव लिहावे. कर्ता पुरुष घरी नसेल तर निर्णय कोण घेईल, त्या व्यक्तीचे. नवीन वर्षाची दिनदर्शिका आली की हा मजकूर तिच्यावर उतरवून घ्यावा.

आमचा प्रसूतिकक्ष पाहण्यासाठी, परिचारिकांना भेटण्यासाठी आपण अवश्य यावे. आम्हांला हे पाच प्रश्न विचारावेत आणि समाधान न झाल्यास दुसरे ठिकाण निःसंकोच निवडावे.