खोलीची किल्ली



सुटीत आपण घराला कुलूप लावतो आणि चार दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत जाऊन राहतो. त्या खोलीच्या किल्लीबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

पूर्वी लॉजवर उतरलं की काउंटरवरचा माणूस मागच्या फळीवरून किल्ली काढून द्यायचा. तिला पितळी बिल्ला नाहीतर लाकडी ठोकळा अडकवलेला असे. इतका जड, की पाहुण्यानं ती विसरून खिशात घालून गावी नेऊ नये. बाहेर जाताना किल्ली काउंटरवर द्यायची. खिळ्यावर किल्ली दिसली की पाहुणा बाहेर, खिळा मोकळा दिसला की पाहुणा आत. आपल्याबद्दल एवढीच माहिती त्या घराला असायची, आणि तीही एका माणसाच्या नजरेपुरती.

ही किल्ली बदलली ती नॉर्वेत. १९७०च्या दशकात टोर सोर्नेस या संशोधकानं प्लॅस्टिकच्या कार्डाचं कुलूप केलं. कार्डावर बत्तीस जागा. त्यातल्या कुठे भोक, कुठे नाही. नुसत्या या असण्या-नसण्यातून चारशे कोटींहून अधिक नमुने निघतात. प्रत्येक नव्या पाहुण्याला नवा नमुना, त्यामुळे आधीच्या पाहुण्यानं कार्ड नेलं तरी ते बाद. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. पुढे भोकांच्या जागी चुंबकीय पट्टी आली, मग नुसती टेकवायची चिप आली. २०१३मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या सुटीनगरीत मनगटावरचा पट्टाच खोलीचं दार उघडू लागला, आणि खाण्याचे पैसेही त्यातूनच जाऊ लागले. २०१४च्या नोव्हेंबरात स्टारवूड या हॉटेल कंपनीनं किल्ली थेट पाहुण्याच्या मोबाइलमध्ये पाठवायला सुरुवात केली. फोन दारापाशी धरायचा, ब्लूटूथवरून कुलूप त्याला ओळखतं आणि उघडतं.

यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. मध्यरात्री पेंगुळलेली पोरं खांद्यावर घेऊन पोचलेल्या आईबापाला रांगेत उभं न राहता खोली मिळाली, तर त्यांचा दुवाच मिळेल. पण एक फरक लक्षात घ्या. कार्डाचं कुलूपही कोण केव्हा आत गेलं याची नोंद ठेवतं; मात्र बहुतेक ठिकाणी ती कुलपातच पडून असते, आणि काढायची तर माणसाला यंत्र घेऊन दारापर्यंत यावं लागतं. ॲपमधली नोंद तुमच्या नावाला, नंबराला चिकटलेली असते. एसी कितीवर ठेवला, रात्री बाराला काय मागवलं, हेही तिच्या शेजारी जाऊन बसू शकतं. खिळ्यावरच्या किल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, सत्तरीची आहे. गेल्या वर्षी आम्ही कोकणात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. चहा हवा तर टेबलावरचा ठिपक्यांचा चौकोन मोबाइलवर टिपा, ॲप उतरवून घ्या, नंबर द्या, ओटीपी टाका. ॲपनं फोनमधल्या साऱ्या नातेवाइकांचे नंबर पाहायचीही परवानगी मागितली. आपाकडे बटणांचा फोन. समोर स्वयंपाकघर दिसत होतं, कपबशांचा आवाज येत होता. ‘‘चहाला माझा नंबर कशाला रे हवा?’’ असं म्हणत ती उठली आणि सरळ आत गेली. चहा मिळाला. देणारा पोरगा अजिजीनं म्हणाला, ‘‘मावशी, ॲपवरच टाका ना. नाहीतर साहेब विचारतात, हा कप कुणाचा?’’

खरा त्रास रात्रीच झाला. उशाशी काचेची गुळगुळीत पट्टी, तिच्यावर चंद्र, पलंग, कप अशी चित्रं. दोन वाजता आपाला न्हाणीघराचा दिवा हवा होता. चंद्राला हात लावला तर होता तो दिवाही गेला. भिंतीवरचं खटक्याचं बटण अंधारात बोटांना सापडतं. गुळगुळीत काच सापडत नाही. त्या वयात अंधारात पाय अडखळला तर खुब्याचं हाड जातं, आणि मग सुटी दवाखान्यात संपते.

शिकलेल्या यंत्रांची हौस कुठवर जाते, ते जपाननं पाहिलं आहे. नागासाकी प्रांतात ‘हाउस टेन बॉश’ नावाची, डच गावासारखी बांधलेली सुटीनगरी आहे. तिथे २०१५च्या जुलैत ‘हेन ना हॉटेल’ उघडलं. हेन ना म्हणजे विचित्र. काउंटरवर पाहुण्याच्या स्वागताला डायनासोर, सामान नेायला यंत्रगाडी, दार उघडायला तुमचा चेहरा. प्रत्येक खोलीत ‘चुरी’ नावाची एक बाहुली. तिला हवामान विचारा, दिवा लावायला सांगा. पण झालं असं, की पाहुणा घोरू लागला की बाहुलीला वाटे आपल्याशीच कुणी बोलतंय. ती त्याला उठवून सांगे, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. जन्मभर मी मुशायऱ्यांत कविता वाचल्या. ‘मुकर्रर’ची दाद क्वचितच वाट्याला आली. त्या खोलीत झोपलो असतो तर रात्रभर मिळाली असती!

हसून झालं की पुढचं ऐका. सामान नेणाऱ्या गाड्या शंभरातल्या जेमतेम चोवीस खोल्यांपर्यंत पोचत, पावसात आणि बर्फात अडत. डायनासोरला पासपोर्टची प्रत काढता येईना. ती माणसालाच काढावी लागे. यंत्रं दुरुस्त करायला कर्मचारी जादा वेळ थांबू लागले. जानेवारी २०१९मध्ये बातमी आली, की २४३ यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोक्योजवळच्या त्यांच्या दुसऱ्या हॉटेलाबद्दल वेगळीच गोष्ट उघडकीला आली. पलंगाशेजारच्या अंड्याच्या आकाराच्या यंत्रात कुणी आधीच्या मुक्कामात फेरफार करून ठेवला, तर पुढच्या पाहुण्याला त्याच्या कॅमेऱ्यातून दुरून पाहता आलं असतं. हे एका जाणकारानं कंपनीला आधीच कळवलं होतं. लक्ष दिलं नाही म्हणून कंपनीला माफी मागावी लागली.

कुलपांचंही तेच. ऑस्ट्रियातल्या डोंगरावरच्या एका हॉटेलचा संगणक खंडणीखोरांनी अडवला. जानेवारी २०१७मध्ये जगभर बोंब झाली, की पाहुणे खोल्यांत कोंडले गेले. ते खरं नव्हतं. दारं आतून उघडत होती, फक्त नवी कार्डं बनत नव्हती. मालकानं दीड हजार युरो भरले आणि जाहीर केलं, की यापुढे पणजोबांच्या काळातल्यासारख्या धातूच्या किल्ल्या आणीन. मार्च २०२४मध्ये संशोधकांनी दाखवलं, की १३१ देशांतल्या तीस लाखांहून अधिक दारांवरचं ‘सॅफलॉक’ हे कुलूप दोन बनावट कार्डं टेकवून उघडता येतं.

यावरून मी यंत्रांचा वैरी आहे असं समजू नका. आखातातल्या, मलेशियातल्या हॉटेलांत छतावर किंवा खणात एक लहानसा बाण चिकटवलेला असतो, मक्केची दिशा दाखवणारा. त्याला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि नमाज कुणी पढली नि कुणी नाही याची तो नोंद ठेवत नाही. दारालगतच्या खाचेत कार्ड घातल्यावरच वीज चालू होते, तीही सोय मला आवडते. बऱ्याच ठिकाणी त्या खाचेला कुठलंही कार्ड चालतं. मी माझं वाचनालयाचं घालून ठेवतो.

आणि एक बटण तर मला या सगळ्यांत मोलाचं वाटतं, जे पाहुण्यासाठी नाहीच. हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या बाया बंद दाराआड एकट्या काम करतात आणि काही पाहुणे त्याचा गैरफायदा घेतात. शिकागो शहरानं २०१७मध्ये कायदा केला, की अशा प्रत्येक कामगाराला मालकानं खिशात मावेल असं धोक्याचं बटण द्यायचं, तेही तिच्याकडून पैसे न घेता. बटण दाबलं, की ती कुठे आहे ते कळतं आणि मदतीला माणूस धावत येतो.