हॉलमधल्या फोटोची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

मंडळी, हॉलमधल्या त्या फोटोबद्दल बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून उभा राहिलो.

भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, सौ. आणि मी होडीत बसलो होतो. लोक तिथे रोहित पक्षी बघायला जातात. मला हवा होता ऑस्प्रे, हिवाळ्यात येणारा, माशांवर जगणारा शिकारी पक्षी. त्याने ३ हिवाळे हुलकावणी दिली होती. हल्ली हात कापतो, त्यामुळे ही फेरी झाली की कॅमेरा विकायचा, असं घरात ठरलं होतं.

९ वाजले तरी काही नाही. शेवटी चहाचा थर्मास उघडला, तेवढ्यात नावाडी हळूच म्हणाला, “काका, वर बघा.”

हवेत क्षणभर थांबला, पाय पुढे करून धाडकन पाण्यात! वर आला तो पंजात मासा घेऊनच. गंमत बघा, उडताना तो माशाचं तोंड पुढे करून धरतो, वारा कमी लागावा म्हणून. बाहेरचं बोट मागे वळवता येतं, त्यामुळे पकड सुटत नाही.

३२ फोटो काढले. ३१ हललेले, म्हणजे आमच्या बँकेच्या भाषेत बुडीत खाती! उरलेला हॉलमध्ये आहे. चहा सौ.च्या शालीवर सांडला, तो डाग अजून गेलेला नाही. कॅमेराही घरातच आहे.