पोथीची सुटी पाने : पक्ष्यांच्या गुणसूत्रांची वाटचाल



मराठीच्या प्राध्यापकाने पक्ष्यांच्या गुणसूत्रांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून मूळ रचनेचा शोध घेणे हा आम्हां पाठचिकित्सकांचा जुना उद्योग. जीवशास्त्रज्ञांचा उद्योगही तोच; त्यांची पोथी पेशीच्या केंद्रकात असते, एवढेच.

मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, कोंबडीच्या पेशीत ७८. त्यांतील थोडी ठसठशीत. उरलेली इतकी बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे कण सांडल्याचा भास व्हावा. ती खरोखर गुणसूत्रे आहेत काय, अशी शंकाही एके काळी घेतली गेली. २००४ मध्ये तांबड्या रानकोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. कोंबडीचा संपूर्ण संच मनुष्याच्या संचाच्या जेमतेम एक-तृतीयांश. पण या कणांत जनुकांची दाटी मोठ्या गुणसूत्रांहून अधिक आढळली. पाने लहान, मजकूर मात्र ठासून भरलेला.

मग ही सुटी पाने आली कोठून? मोठ्या गुणसूत्रांचे तुकडे होऊन ती झाली असावीत, असे कोणासही वाटेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलटेच दाखविले. पक्ष्यांची ही सूक्ष्म गुणसूत्रे साप-सरड्यांच्या सूक्ष्म गुणसूत्रांशी जुळतात. इतकेच नव्हे, तर पाठीचा कणा नसलेल्या, माशासारख्या दिसणाऱ्या ॲम्फिऑक्सस या सागरी जीवाच्या गुणसूत्रांशीही त्यांचे नाते लागते. आपली आणि त्याची वाट ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटली. म्हणजे सुटी पाने हीच मूळ प्रत. ती एकत्र करून जाडजूड खंड बांधले, पानांची उलथापालथ केली, ती आपण सस्तन प्राण्यांनी. स्वतःची प्रत प्रमाण मानून इतरांची भ्रष्ट ठरविण्याची खोड आमच्या क्षेत्रातही काही कमी नाही!

पक्ष्यांतही अपवाद आहेतच. बहुतेकांची संख्या ८० च्या आसपास राहिली; शहामृगाची नेमकी ८०. बहिरी ससाण्यात पुष्कळ कण मोठ्या गुणसूत्रांना जोडले जाऊन ५० उरली, तर हुदहुदात ती १२६ पर्यंत वाढली. लिंगनिश्चितीची तऱ्हाही निराळी. पक्ष्यांत दोन भिन्न लिंगसूत्रे, झेड आणि डब्ल्यू, मादीकडे असतात. शहामृगात आणि एमूत ही दोन्ही अद्याप बरीचशी सारखी आहेत. कोंबडीत डब्ल्यू पुष्कळच झिजले आहे.

हस्तलिखितांत पाठसंकर होतो. एका शाखेची प्रत उतरविताना लेखनिक दुसऱ्या शाखेतील ओळ घेतो. पाळीव कोंबडीच्या बाबतीत तसेच घडले. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु अनेक पाळीव जातींच्या पिवळ्या कातडीस कारण असलेला जनुकभेद त्याच्याकडून आलेला नाही, तो राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये दाखविले गेले. हा पक्षी परका नव्हे. सह्याद्रीत, आपल्या खानापूरच्या रानात तो आजही आरवतो. त्याने दिलेली ती ओळ कोंबडीच्या २४व्या गुणसूत्रावर, म्हणजे त्या धुळीच्या कणांपैकीच एकावर, लिहिलेली आहे.