पोटातली वस्ती



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणार, आणि ती रास्त आहे. पण मी आज आतड्यातल्या जंतूंविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे वळलो त्याचे कारण साधे आहे. संघटनेच्या कचेरीत आजारपणाच्या रजेची जी प्रकरणे येतात, त्यांत पोटाच्या तक्रारी फार. जुलाब, आव, जळजळ, "खाल्लेलं अंगी लागत नाही", "पोरगं वाढतच नाही". एकाच वस्तीतली, एकाच नळावरची माणसे एकाच तऱ्हेने आजारी पडतात, तेव्हा ती बाब एकेकाच्या पोटाची राहते काय, हा प्रश्न मला पडला.

प्रथम ही वस्ती किती मोठी ते पाहू. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी अदमासे ३० लाख कोटी, आणि त्याच्या अंगावर व अंगात राहणारे जीवाणू अदमासे ३८ लाख कोटी, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे बहुमत त्यांचे! वजन मात्र पावशेराच्या आतबाहेर. यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. कोंडा, सालपट, भाजीचे धागे, जे आपल्याला पचत नाही ते खाऊन ते त्याची आम्ले बनवतात. त्यांपैकी ब्युटिरेट नावाच्या आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. शिवाय कोणता जंतू घरचा आणि कोणता चोर, हे ओळखण्याचे शिक्षण शरीराच्या रक्षकपेशींना लहानपणी याच वस्तीत मिळते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या जंतूंसाठी असतात. आई बाळाचा वाटा देते, आणि बाळाच्या पोटातल्या कामकऱ्यांचाही वेगळा काढून ठेवते. मला हे वाचून फार नवल वाटले.

आता असंतुलन म्हणजे काय? जंतूंचे नाना प्रकार गुण्यागोविंदाने नांदत असतात, त्यांतले बरेच नाहीसे व्हावेत आणि एखाद्याच जातीने सारी जागा बळकवावी, त्याला असंतुलन म्हणतात. निरोगी माणसांची यादीसुद्धा एकसारखी नसते, म्हणून अमुक इतके जंतू म्हणजे समतोल असे कोष्टक कोणी दाखवू लागला तर जरा सावध व्हावे.

सावध का, त्याची एक गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. परळ म्हणजे गिरणगाव. तेथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा थाटली गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. वाल्देमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ते येथे आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. या हाफकिनांचे गुरू इल्या मेचनिकॉफ. रक्तातल्या रक्षकपेशींच्या शोधाबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हातारपण येते ते मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या घाणीमुळे, आणि बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असे या थोर माणसाने सांगितले. युरोपात दह्याची लाट आली. त्याच काळात लंडनच्या आर्बथनॉट लेन नावाच्या नामांकित शल्यचिकित्सकाने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून टाकण्याचा सपाटा लावला. मेचनिकॉफ रोज आंबट दूध घेत आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. पुढे हा सारा विचार थट्टेचा विषय झाला, आणि त्यात जे खरे होते तेही अडगळीत गेले.

ते खरे बाहेर यायला बराच काळ लागला. ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन या दोघा डॉक्टरांनी जठरातल्या व्रणाचा संबंध एका जंतूशी जोडला. कोणी मानीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. तोवर जगभर रोग्याला सांगितले जाई की तू काळजी फार करतोस आणि तिखट फार खातोस. आमच्या कामगारांनी हा उपदेश किती वर्षे ऐकला! काळजीचे कारण मात्र कोणी विचारीत नसे.

खुद्द असंतुलनाचा पक्का पुरावा मिळाला तो एका वेगळ्याच दुखण्यात. रुग्णालयात अँटिबायोटिकचा भडिमार झाला की काहींच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. २०१३ साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नळीने अशा रोग्यांच्या पोटात सोडली. नाक मुरडू नका, आकडे ऐका. १६ पैकी १३ रोगी पहिल्याच खेपेला बरे झाले. नेहमीच्या औषधाने १३ पैकी ४. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवला. वस्ती उजाड झाली म्हणून रोग आला आणि वस्ती पुन्हा बसवली तेव्हा तो गेला, हे येथे हाताला लागते.

बाकीच्या रोगांविषयी इतक्या ठामपणे बोलता येत नाही, आणि आजच्या बोलण्यातला हाच भाग मी आपणांस जपून ऐकायला सांगतो. लठ्ठपणा, मधुमेह, दमा, सांधेदुखी, मनाची उदासी या साऱ्यांत आतड्यातली जंतूंची मांडणी बदललेली आढळते. पण आढळते म्हणजे तेच कारण असे होत नाही. गिरणी बंद पडली त्या साली गुत्त्यावरची गर्दी वाढली. म्हणून दारूने गिरणी बंद पाडली असा निष्कर्ष मालकाने काढला, तर आपण मान्य करू काय? रोगाने जंतू बदलले, की जंतूंनी रोग आणला, की वाईट अन्न आणि औषधे यांनी दोन्ही घडवले, हे निवडून काढावे लागते. त्यासाठी शास्त्रज्ञ जन्मापासून एकही जंतू अंगात नसलेले उंदीर पाळतात. अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत २००४ साली अशा उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जंतू घातले, तेव्हा पंधरवड्यात त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणे उलट कमी झाले होते. उंदरापुरता कार्यकारणभाव सिद्ध झाला. माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

याच गॉर्डन यांनी ढाक्याचे डॉ. तहमीद अहमद यांच्याबरोबर केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते आपल्यासारख्यांच्या पोरांचे आहे. कुपोषित मुलाच्या आतड्यातली वस्ती वयाच्या मानाने कोवळी राहते, वर्ष-दीड वर्षाच्या मुलाची वस्ती तान्ह्या बाळासारखी दिसते, असे त्यांनी २०१४ साली दाखवले. मग अशा वस्तीला वाढवणारे खाद्य कोणते, ते शोधले. निघाले काय? हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीनचे पीठ आणि कच्चे केळे! २०२१ साली ढाक्याच्या मीरपूर या गरीब वस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मुलांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना हे खाद्य, निम्म्यांना तांदूळ, मसूर आणि दूधपावडरीचे नेहमीचे पोषक खाद्य, तीन महिने. नव्या खाद्यात उष्मांक कमी होते, तरी वजनाची वाढ त्या मुलांची जास्त झाली. फरक डोंगराएवढा नव्हे, पण तो होता. सोयाबीन तर आपल्या जाफराबाद तालुक्यातल्या बांधाबांधाला आहे. ते ट्रॉलीत भरून अडतीवर जाते, तेलाच्या गिरणीत जाते. पोराच्या वाटीत त्याचे पीठ किती घरांत येते, ते घरोघरच्या बायका माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

आणि खाद्य चांगले असून भागत नाही. पाण्याचे काय? १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानात सेवेसाठी आलेल्या अमेरिकन तरुणांची आतडी डॉक्टरांनी तपासली. चांगली खातीपिती, धडधाकट मुले. पण येथे राहिल्यावर त्यांच्या आतड्याच्या अस्तराला सूज आली आणि अन्न शोषून घेण्याची ताकद उतरली. मायदेशी परतल्यावर ती पुन्हा सुधारली. वंश, जात, 'यांची प्रकृतीच अशी' हे सारे युक्तिवाद या एका गोष्टीने निकालात निघतात. मैल्यातले जंतू पाण्यातून रोज थोडेथोडे पोटात जात राहिले की जुलाब झाले नाहीत तरी अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. ती अमेरिकन मुले परत तरी गेली. खेळणा आणि पूर्णेच्या काठच्या मुलाने कोठे परतायचे? मराठवाड्यातून कोयता घेऊन जी जोडपी दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची पोरे पाच-सहा महिने फडाच्या कडेला खोपटात वाढतात आणि पाणी मिळेल ते पितात. ज्या वयात आतड्यातली वस्ती बसते, ते पहिल्या तीन वर्षांचे वय काहींचे असेच जाते. मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात ही बाब कोठे मांडतात?

आता भाकरीकडे येतो. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांच्या आतड्यांचा अभ्यास केला. २०१२ साली त्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्या तपासल्या, आणि घर एक असूनही वयाप्रमाणे जंतूंचे प्रमाण बदलते असे दाखवले. माणसे सहाच, म्हणून त्यावर इमला चढवू नये. पुढच्या अभ्यासांत भारतीयांच्या पोटात प्रेव्होटेला नावाचे जीवाणू विपुल आढळले. धान्य-कडधान्य, कोंडा-भाजी खाणाऱ्यांत हे विशेष असतात. थायलंडहून अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या निर्वासितांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटातले हे जंतू हटून दुसरे बसू लागले आणि एकंदर विविधता घटली, हे काही महिन्यांतच दिसू लागले. आपण तर जाफराबाद न सोडताच तो प्रवास करतो आहोत. आपल्या आजीची न्याहारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि आंबील यांची होती. पुढे ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि मका आला, रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ आला, आणि सकाळच्या पाळीला जाणारा पोरगा चहाबरोबर मैद्याचा पाव किंवा बिस्किटाचा पुडा खाऊन निघतो. यात त्याचा चवचालपणा नाही. पाच रुपयांत, दोन मिनिटांत दुसरे काय मिळते?

पाळीचा विषय निघालाच आहे. आतड्यातल्या जंतूंनाही दिवस-रात्र असते. २०१४ साली इस्रायलमध्ये उंदरांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा उलटसुलट केल्या, तेव्हा जंतूंची घडी विस्कटली, उंदीर लठ्ठ झाले आणि त्यांच्या रक्तातली साखर बिघडली. विमानाने दूरचा प्रवास केलेल्या दोन माणसांचे जंतू उंदरांत घातले तरी तसेच घडले. माणसे दोनच, हे मी मुद्दाम सांगतो. पण जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाचे पोट का बिघडते, याचा तपास या बाजूनेही व्हायला हवा, एवढे मागण्यास हा पुरावा पुरे आहे.

औषधांचेही बोलले पाहिजे. ताप आला की मेडिकलवर जायचे, "दोन गोळ्या द्या" म्हणायचे, दोन दिवसांत बरे वाटले की सोडायचे. २०१४ च्या मार्चपासून कडक अँटिबायोटिक औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचा नियम दुकानदारांवर आहे. ती वही कोणी पाहिली आहे काय? शेतातले तण मारायला गेलो आणि उभे पीकही करपले, असे या गोळ्या आतड्यात करतात. शिवाय जे जंतू उरतात ते औषधाला जुमानत नाहीत. पण मजुराला दोष देण्याआधी हिशेब पाहा. डॉक्टरची फी, तपासणी आणि एक खाडा धरला तर दोन दिवसांची मजुरी जाते. दोन गोळ्या तीस-चाळीस रुपयांत येतात. जेथे पगारी आजारपणाची रजा नाही तेथे माणूस असाच वागणार. जेथे गोळी खरोखर लागते तेथे ती घ्यावी आणि डॉक्टर सांगेल तितके दिवस पुरी घ्यावी, हे मात्र स्पष्ट सांगतो. नाहीतर 'व्याख्यानात ऐकलं' म्हणून न्यूमोनियाच्या मुलाचे औषध कोणी बंद करायचे.

शेवटी बाजार. जाहिराती सांगतात की बाटलीतले चांगले जंतू घ्या आणि सारे रोग पळवा. ओडिशात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साडेचार हजारांवर नवजात बालकांपैकी काहींना एक निवडक जंतू सात दिवस पाजला. रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले. ही मोठीच गोष्ट. पण तो जंतू पारखून निवडलेला होता आणि एका ठराविक कामासाठी होता. त्या पुण्याईवर हरेक पुडी विकली जाते. २०२१ साली अमेरिकेत ३६ माणसांवर झालेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाल्ल्याने जंतूंची विविधता वाढली. आपले ताक आणि आंबील अजून स्वस्त आहे, ते प्यावे. पण माठातले पाणी दूषित असेल तर ताकही त्याच पाण्याचे होणार.

म्हणून एक काम सांगून थांबतो. आपल्या राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आज जे खेड्यांतून आले आहेत त्यांनी उद्या ग्रामपंचायतीत जाऊन आपले कार्ड कोणत्या रंगाचे आहे ते विचारावे, आणि जलसुरक्षकाला घेऊन विहिरीवर नाहीतर टाकीवर जावे. एकट्याने जाऊ नये, दहा-वीस जणांनी मिळून जावे. लाल निघाले तर आमच्या कचेरीत या. अर्ज कसा लिहायचा ते आम्हांला चांगले ठाऊक आहे.