चिंधीची भेट



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, "काय हो, या व्यासपीठावर लोक राज्यघटनेवर बोलतात, ज्ञानेश्वरीवर बोलतात, आणि तुम्ही चिंध्यांवर बोलणार?" आम्ही म्हटले, "राज्यघटना आणि ज्ञानेश्वरी यांना बोलणारे पुष्कळ आहेत. चिंध्यांची बाजू घेऊन कोणी उभे राहत नाही." स्नेही हसले आणि निघून गेले. आज ते समोर बसलेले दिसतात. तेव्हा विषय अगदीच टाकाऊ नसावा.

विषय असा की, घरात उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून हाताने शिवलेल्या लहानसहान भेटी. बाळाचे दुपटे, कुंची, आजीचा बटवा, मुलीची बाहुली, मुलाचे दप्तर. या वस्तू कशा शिवाव्या हे आम्ही थोडेसे सांगू. पण त्या कशा द्याव्या आणि कशा घ्याव्या हे आम्हांला अधिक सांगावयाचे आहे. कारण शिवणे आम्ही वेळेवर शिकलो. घेणे मात्र फार उशिरा शिकलो.

चिंधी म्हटली की मराठी माणसाला द्रौपदी आठवते. कृष्णाचे बोट कापले, रक्त थांबेना, म्हणून नारद चिंधी मागायला निघाले, ही लोकांच्या तोंडची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. सुभद्रेचे घर शालू-पैठण्यांनी भरलेले, पण बोट बांधायला तिला चिंधी सापडली नाही. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. पुराणिक ही कथा भक्तीसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण सुईदोरा हाती धरणाऱ्याने तिच्याकडे पाहिले तर त्याला आणखी एक गोष्ट दिसते. सुभद्रा जे शोधीत होती ते नकोसे कापड होते. द्रौपदीने हव्याशा कापडाची चिंधी केली. चिंधी दोघींच्याही घरी तयार नव्हती. एकीने ती केली, एवढाच काय तो फरक.

आपल्या भाषेने मात्र या वस्तूला बरे वागविलेले नाही. चिंध्या करणे म्हणजे नाश करणे. भुरट्या माणसाला चिंधीचोर म्हणावयाचे. संकट आवाक्याबाहेरचे झाले की आभाळच फाटले, ठिगळ कुठे कुठे लावणार, असे म्हणून मोकळे व्हावयाचे. ठिगळ हा शब्द ऐकला की दारिद्र्य डोळ्यांपुढे येते. आणि शिवणाच्या वर्गात ज्याला ॲप्लिक म्हणतात ते तरी काय आहे? एका कापडावर दुसऱ्या कापडाचा तुकडा कातरून टाक्यांनी बसविणे. फाटलेल्या जागी बसविला तर ते ठिगळ. धड जागी पानाफुलांच्या आकाराने बसविला तर ती कला. सुई तीच, टाका तोच. पहिल्याची लाज वाटते, दुसऱ्याचे प्रदर्शन भरते.

ही लाज सर्वत्र आणि सर्वकाळी होती असेही नाही. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवीत. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून केलेल्या चीवराला पांसुकूल असे नाव होते. विनयपिटकात असे सांगितले आहे की, मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, असे चीवर तुला करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. शेताचे बांध म्हणजे त्या चीवरावरच्या शिवणी. एवढा मोठा धर्मपुरुष आणि त्याचे लक्ष शिवणीकडे!

ओडिशात पुरीच्या वाटेवर पिपिली नावाचे गाव आहे. तेथील दर्जी पिढ्यान् पिढ्या ॲप्लिकचे काम करीत आले. जगन्नाथाच्या रथयात्रेतील तीन रथांवर जे रंगीत कापड चढते त्यात जगन्नाथाच्या रथाला तांबडा आणि पिवळा, बलभद्राच्या रथाला तांबडा आणि हिरवा, सुभद्रेच्या रथाला तांबडा आणि काळा रंग असतो. देवासाठी चांदवे आणि छत्र्या शिवणारे तेच हात आज यात्रेकरूंसाठी पिशव्या आणि दिव्यांची आवरणे शिवतात.

पण आमच्या मनात भरले ते याहून साधे काम. गोव्याच्या दक्षिणेस उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे त्यांपैकी पुष्कळजण वंशज. त्यांच्यात कोकणी बोलली जाते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, कडेकडेने धावदोरा घालीत फिरावयाचे आणि फिरत फिरत मध्यावर यावयाचे. काम संपत आले की चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फूल म्हणतात. फुले नसली तर कवंदी उघडीनागडी समजली जाते. आता या फुलांनी थंडी तसूभरही कमी होत नाही. पण गोधडी आणि भेट यांत जे अंतर आहे ते त्या चार फुलांएवढे आहे.

आपल्या घरांतही हे होतेच. दुपटे म्हणजे दुपदरी पांघरूण. ते नव्या कापडाचे करीत नसत. नव्या कापडात खळ असते, ते बाळाच्या अंगाला टोचते. आजीचे शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे घ्यावयाचे. नऊवारी लुगडे विरते ते बसण्याउठण्याच्या जागी. काठ आणि पदर पुष्कळ दिवस धड राहतात. म्हणून मऊ अंगाचे दुपटे, धड काठाचे पिशवीचे बंद, आणि खणाच्या उरलेल्या तुकड्याची कुंची. बाळ बारशाच्या दिवशी पाहुण्यांच्या मांडीवर फिरत असे तेव्हा ते घरातल्या तीन पिढ्या अंगावर घेऊन फिरत असे.

आता थोडे कृतीविषयी. शिवण हे बायकांचे काम म्हणून पुरुष श्रोत्यांनी येथे जांभई देऊ नये. नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले होते.

प्रथम तुकडे धुऊन घ्यावे. रंग जाणारा तांबडा तुकडा पांढऱ्यावर बसविला तर पहिल्याच धुण्यात भेटीचे मातेरे होते. सुतावर सूत लावावे. सूत आटते, कृत्रिम धाग्याचे कापड आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवली की चुण्या पडतात. तुकड्याचा आणि खालच्या कापडाचा उभा धागा एका दिशेने ठेवावा. आकृती आधी कागदावर काढून कातरावी, आणि कापड तिच्याहून चोहीकडे पाव इंच जास्त ठेवावे. ही दुमड आत जाते. गोलाई असेल तेथे दुमडीला बारीक चिरा द्याव्या. पानाचे टोक असेल तेथे आधी टोक दुमडावे, मग दोन्ही बाजू. फांदी खाली, पान तिच्यावर, फूल सर्वांत वर, या क्रमाने बसवावे. आधी कच्चा धावदोरा, मग बारीक हेम, मग कच्चा दोरा काढून टाकावा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि शिवणाऱ्याच्या कपाळाला आठ्या.

शिंप्याकडची कातरण मिळाली तर अवश्य घ्यावी. मुंढा कातरताना जो तुकडा निघतो तो बहुधा चंद्रकोरीच्या वळणाचा असतो. त्याचे पान होते, माशाची पाठ होते, पक्ष्याचा पंख होतो. कापड हातात धरून बसले की काय करावे हे पुष्कळदा तेच सांगते. एक सूचना मात्र कळकळीची. तान्ह्या मुलासाठी बाहुली किंवा चेंडू कराल तर डोळ्यांना गुंड्या किंवा मणी लावू नका. मूल ते ओढून तोंडात घालते आणि घशात अडकते. डोळे दोऱ्याने भरावे.

येथे एक शंका निघेल ती अशी की, बाजारात सर्व काही तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला? शंका खरी आहे. दुसरी त्याहून खरी आहे. हातच्या वस्तूंचे कौतुक करता करता आपण ते काम मुलींच्या गळ्यात बांधले. रुखवतात मांडण्यासाठी डोळे फोडून भरतकाम केलेल्या कित्येक मुलींनी लग्नानंतर सुईला हात लावला नाही, आणि त्यांचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. मांडण्यासाठी केलेली वस्तू आणि देण्यासाठी केलेली वस्तू यांत फरक आहे. ज्याला आवडते त्याने, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी, सवडीने शिवावे. वर्षातून एक बटवा झाला तरी पुष्कळ झाला.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो.

1962 साली आम्ही पाचवीसाठी तालुक्याच्या गावी गेलो. आमच्या घरी आमची आत्या राहत असे. बाविसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली होती. शाळेसाठी तिने आम्हांला दप्तर शिवून दिले. जुन्या गादीचे पट्ट्यापट्ट्यांचे जाड कापड, आणि त्याच्यावर आंब्याच्या फांदीवर बसलेला पोपट. फांदी आजोबांच्या कोटाची, पाने आईच्या चोळीची, चोच खणाच्या तुकड्याची. हे आम्ही ओळखले. पोपटाचे हिरवे रेशीम तेवढे ओळखले नाही, आणि विचारलेही नाही.

पहिल्याच दिवशी वर्गातली मुले म्हणाली, "गादी घेऊन आलात, उशी कोठे आहे?" एवढेच. आज ते आठवून हसू येते. त्या वयात मेल्याहून मेल्यासारखे झाले. सुटीत घरी आलो तेव्हा आम्ही ते दप्तर माळ्यावरच्या पेटीत तळाशी दडविले आणि आत्याला सांगितले, "हरवले." ती म्हणाली, "हरवले तर हरवले. सापडले असेल त्याला कामाला येईल." तिने दुसरे दप्तर शिवले. या खेपेला ते साधे होते, पोपटावाचून. आम्हांला बरेच वाटले. मनात आले, आत्याला आमच्या मनातले कळले.

1987 साली आत्या गेली. तिची ट्रंक आम्ही उघडली. चार पांढरी लुगडी, एक पोथी, आणि तळाशी जुन्या पंच्यात गुंडाळलेला तिच्या लग्नातला हिरवा शालू. तो रंग तिने नेसावयाचा नाही, अशी त्या काळची रीत होती. शालू उलगडला तेव्हा पदराजवळ वीतभर तुकडा कातरलेला दिसला. कातरलेली कड सुटू नये म्हणून तिला चारी बाजूंनी बारीक हेम घातली होती.

म्हणजे दुसऱ्या दप्तरावर पोपट का नव्हता याचे कारण आमच्या मनातले नव्हते. त्या शालूला दुसऱ्यांदा कात्री लावणे तिच्याने झाले नसावे, किंवा लावूनही उपयोग नाही असे तिला वाटले असावे. दोहोंपैकी काय, हे आता विचारावयाचे कोणाला? माळ्यावर दप्तर आहे हे आम्ही तिला पंचवीस वर्षांत कधीही सांगू शकलो असतो. सांगितले नाही.

श्रोतेहो, आमचे म्हणणे एवढेच आहे. चिंधीची भेट द्याल तेव्हा तुकडा कोणाचा ते सांगून द्या. ही दुपट्याची बाजू पणजीच्या लुगड्याची, हा काठ मावशीच्या डोहाळजेवणातला, असे तोंडाने सांगा. फार तर चिठ्ठी लिहून आत ठेवा. देणाऱ्याला संकोच वाटतो, ती बोलत नाही. म्हणून घेणाराने विचारावे. नवीन वस्तू घेतली तर किंमत विचारू नये असा शिष्टाचार आहे. चिंधीच्या भेटीत मात्र, हे कापड कोणाचे, हे न विचारणे हाच अपमान.

ते दप्तर आज आम्ही येथे आणले आहे. पुढच्या टेबलावर ठेवले आहे. रेशीम विरले, पण टाके सुटलेले नाहीत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी जरूर पाहावे, आणि आतून उलटे करून पाहावे. शिवणाऱ्याचा हात उलट्या बाजूला कळतो.